बियाण्याचं पोतं

प्रिय खुशबू,

तू फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिली. तिकडं माहेरी, सानगडीले, तुझ्या बाबांची, सुखरामभाऊंची तब्येत कशी आहे? सुनेशी असं बोलायची सवय नाही मले, पण आज मनातलं सारंच सांगते.

तीन वर्षं झाली, धानाच्या रोवण्याच्या चिखलात पडल्यापासून माझी कंबर एक दिवस गप बसली नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरले मी तेच सांगून राहिली होती, अन् तू मधातच म्हणाली, आई आताशा विसरतात. कोणी विचारलं होतं तुले? डॉक्टरनं लगेच री ओढली. म्हणे, सतत दुखत असलं की अर्धं लक्ष तिकडेच गुंतते, हातातलं काम चुकते. वा रे वा! दुखते कंबर अन् खोट डोक्यात! मले तेव्हाच वाटलं, सासूले भ्रमिष्ट ठरवून घर ताब्यात घ्यायचा हा डाव आहे.

मग काय, डाळीत दोनदा मीठ पडलं, तुझं नाव. गाय सुटी राहिली, तुझं नाव. अन् लाल चिंधी बांधलेलं बियाण्याचं पोतं गिरणीतून भरडून आलं, तेव्हा तर माझा तोलच गेला. भरडलेल्या धानाले कोंब फुटते का बाई? रोपांचे परे टाकायले घरात दाणा उरला नाही. साऱ्या बायांसमोर मी तुझ्या माहेराचाही उद्धार केला. तू पिशवी भरली अन् माहेरी निघून गेली. मले वाटलं, खरी असती तर भांडली नसती का?

गिरणीवाला टिकाराम म्हणते, पोतं मीच त्याच्या हाती दिलं, एक हात कमरेवर ठेवून. तू त्याले भाऊ म्हणते, म्हणून तोही तुझ्याच बाजूचा वाटला.

तुले जाऊन सहा दिवस झाले. आज माझा सचिन ड्यूटीवर गेल्यावर कमरेत अशी कळ निघाली की काही सुचेना. जळका वास आला तेव्हा पाहिलं, गॅसवर दुधाचं रिकामं गंज तापून काळं झालं होतं अन् दूध मी पाण्याच्या माठात ओतलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी मेली मी दारामागं जाऊन पाहून आली, कोणी लपलं तर नाही.

उद्या सकाळी त्याच बायांले बोलावलं आहे. पोतं मीच दिलं, हे त्यांच्यासमोर सांगणार आहे, अन् तेव्हा तू तिथं असावी. ड्यूटीवरून आल्यावर आजच हे पत्र घेऊन सचिन येते आहे, त्याच्यासंग ये. पोरी, मले आता गॅस पेटवायची भीती वाटते.

तुझीच,
कौशल्याबाई