करीच्या दिवसाच्या दोन बोट्या

आत्याबाई,

पळी माझ्या हातात देऊन निघून गेल्या, अन वाढायचं कसं ते सांगितलंच नाही! सासू म्हणून एवढं तरी सांगायचं होतं. पोळ्याच्या करीला व्याह्यांसमोर माझी लाज गेली, म्हणून लिहून राहिले. दुसऱ्या कोणाला सांगू?

तुम्ही होत्या तेव्हा करीचं मटण म्हणजे ताटात दोन बोट्या. मग घरधनी असो की पाहुणा. बाजूला वांग्याची भाजी, बरबटीची उसळ, कांदा, ज्वारीची भाकर, अन रस्सा पाहिजे तेवढा. कोणी अजून मागितलं की म्हणायच्या, "मटण चवीपुरतं. पोट भाकरीनं भर." मला पाहुण्यांकडे पाहवत नसे. किती चिक्कट बाई, असं शेजारणीजवळ बोललेही मी.

यंदा सौंसरचे व्याही आले. आपल्या सुमनचे वडील. सुमन म्हणजे तुमच्या नातवाची बायको, तुम्ही गेल्यावर घरात आली. पोटुशी आहे, पाचवा लागला. मी म्हटलं, आता माझं राज्य. वांगं नाही, उसळ नाही, नुसतं मटण अन भात. व्याह्यांच्या ताटात पळीवर पळी. ते नको नको म्हणून राहिले, मी ऐकते काय? तुमच्या लेकालाही तसंच वाढलं. तो दोन दिवस लोटा घेऊन पळत होता, ते सोडा.

व्याह्यांनी अर्धं ताटातच टाकलं. बायांची पंगत बसली तेव्हा कुकरच्या बुडाला पळी खडखड वाजली. सुमनच्या ताटात रस्सा आला, बोटी एक नाही. तेवढ्यात व्याही सुपारी मागायला आत आले, अन लेकीच्या ताटाकडे पाहत उभे राहिले.

"बाई, पोरीच्या वाट्याचं मीच खाल्लं काय?"

सुमननं मान वर केली नाही. म्हणाली, "मले रस्साच आवडते, बाबा."

खोटं बोलली पोरगी. माझ्यासाठी.

व्याह्यांचं उष्टं कुत्र्याला टाकताना डोक्यात आलं. इतकी वर्षं मी शेवटच्या पंगतीला जेवले, मग माझ्या ताटात दोन बोट्या कुठून येत होत्या? पुरुषांना वाढायच्या आधी तुम्ही एका गंजात काढून चुलीमागे झाकून ठेवायच्या. मला वाटे, तुमच्या लेकीसाठी लपवून राहिल्या. ते आम्हा बायांचं होतं ना? एकदा तरी बोलायचं होतं! की मीच विचारायचं होतं?

पुढच्या करीला आधी बायांचं काढून झाकीन, मगच पंगत मांडीन. भाजी-भाकरही करीन. हे माझं वचन.

पण सुमनपुढे जीभ रेटत नाही. ती गुमान भाकरी थापते, अन पहिली माझ्याच ताटात वाढते. दसऱ्यानंतर व्याही तिला बाळंतपणाला न्यायला येतील. त्याच्या आधी बोलायला पाहिजे. सासूनं सुनेला 'माझं चुकलं' कसं म्हणायचं? तुमच्यावर ती पाळी आली नाही, पण तुम्हाला ठाऊक असेल. पित्तरांच्या नवमीला तुमचं पान वाढीन. त्या दिवसापर्यंत उत्तर पाहिजे. स्वप्नात येऊन सांगा, नाही तर कसंही सांगा, पण नवमी चुकवू नका.

तुमची सून,
कमला
तिगाव