अर्ज क्रमांक एक

ता. ४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी टेबलं ओढत होतो. हसू नकोस. उद्योगधंद्यांना हात द्यायला राज्य सरकारने एक नवं कार्यालय काढायचं ठरवलंय आणि त्याचा मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. सध्या दोन खोल्या, तीन टेबलं आणि एक टायपिस्ट बाई एवढाच संसार. खोल्यांत पूर्वी जुने नकाशे ठेवत. धुळीने आम्हा सगळ्यांची नाकं लाल झालीत.

पण ताई, सोळा वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांखाली सह्या केल्या, आता पहिल्यांदा काहीतरी उभं करतोय. वरिष्ठांनी जाडजूड अहवालांचा गठ्ठा दिलाय वाचायला. मला मात्र तुझं ऐकायचंय. बाटल्या धुण्याचे ब्रश करून तू नऊ बायकांच्या चुली पेटत्या ठेवतेस. तुला नेमकं काय आडवं येतं, ते मोकळेपणी लिही.

आईला सांग, स्वेटर मिळाला. एक बाही लांब आहे, तरी घालतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बाही लांब नाही, तुझा हात आखूड आहे, असं आईचं म्हणणं. गुडघा दुखतोय, पण जीभ ठणठणीत आहे. तू नवं कार्यालय काढतोयस हे तिने जिन्यात भेटेल त्याला सांगून झालं.

आता तुझ्या प्रश्नाचं. दूध डेअरीला आपले ब्रश पसंत पडलेत, दुप्पट माल मागतायत. त्यासाठी तारेला पीळ देणारं दुसरं यंत्र आणलं. ते चादर पांघरून बसलंय, कारण त्याला लागणारी जादा वीज मिळत नाही. वीज कचेरी नगरपालिकेचा दाखला मागते, नगरपालिका अग्निशमनवाल्यांचा, आणि अग्निशमनवाले म्हणतात, आधी वीज येऊ द्या, मग तपासू. डेअरीने जूनअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यांच्या भरवशावर मी जुनी छोटी गिऱ्हाइकं सोडली. उडी मारली आहे खरी.

मला सवलत नको, सत्कार नको. एका टेबलाशी एक माणूस बसलेला हवा. त्याने हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. नाही म्हटलं तर माणूस दुसरी वाट धरतो. लटकत ठेवलं की संपतो. तुझ्या मसुद्यात एवढं बसत असेल तर बसव.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कायदा मंजूर झाला! मंत्र्यांनी भाषणात तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, ‘एका टेबलाशी एक माणूस’. बाकं वाजली. मी वरच्या सज्जात बसून ऐकत होतो. वाक्य कुणाचं ते अर्थात कुणाला माहीत नाही.

आता आम्हाला अख्खा मजला मिळालाय, काचेची दारं, गाद्यांचे सोफे. वर एक संचालक आले, मी उपसंचालक, तोही सध्या तात्पुरता. पाच-पन्नास माणसं भरली. टेबलं किती झाली ते विचारू नकोस.

तुझे कागद लगेच पाठव. नव्या नोंदवहीत पहिला अर्ज तुझाच चढवतो. दाखले आम्हीच गोळा करू. महिनाभरात वीज आली समज, माझा शब्द.

आईला नमस्कार, तुला पुन्हा एकदा.
धाकटा

ता. ९ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून हे तिसरं.

मे महिन्यात वीज कचेरीत गेले होते. तिथला जुना कारकून भला माणूस आहे. म्हणाला, पूर्वी मी कसंतरी रेटून नेलं असतं, आता धंद्याचे सगळे अर्ज नव्या कार्यालयातूनच यावेत असा हुकूम आहे. म्हणून गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले. तुला कळवलं नव्हतं. अकरापासून चारपर्यंत तुमच्या सोफ्यावर बसले. तू बैठकीत होतास. शिपायाने पाणी आणून दिलं. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्जाचा क्रमांक सांगितल्यावर म्हणाला, ती फाइल एप्रिलपासून तयार आहे बाई, सगळे दाखले लागलेत, फक्त उपसंचालकांची सही राहिली. रोज टेबलावर ठेवतो आणि रोज साहेब ती गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतात.

मी उठले आणि परतीची गाडी पकडली.

जून संपला. डेअरीने काम दुसऱ्याला दिलं. बायकांना एकेक करून घरी पाठवलं. मावशी शेवटची. पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ तार पिळणारी बाई ती. तिने एप्रनची घडी घातली आणि विचारलं, चूक कुणाची झाली. मी म्हटलं, माझी.

मला एवढंच कळव, का?
ताई

ता. १७ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. अर्ज आला त्या दिवशी संचालकांनी तो वाचला आणि हसत विचारलं, ही बाई तुमच्या नात्यातली की काय. सगळे हसले. तेव्हापासून हात पुढे होईना. नव्या कार्यालयाची पहिली सही सख्ख्या बहिणीला, लोक काय म्हणतील? म्हटलं, आधी दहा जणांची कामं होऊ देत. दहा झाली, मग वाटलं वीस होऊ देत. फाइल दुसऱ्याकडे सोपवता आली असती, पण मग कारण लिहावं लागलं असतं. ताई, मी प्रामाणिक राहायला बघत होतो.

काल सही केली. आठवड्यात वीज येईल.

आणखी एक मागायचंय, लाज वाटते. आमच्या पहिल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर अर्ज क्रमांक एकचा फोटो घालायचं ठरलंय. दोन तारखेला फोटोग्राफर येईल. एका दिवसापुरतं बायकांना बोलावून यंत्रं चालू ठेवशील का? माझी जागा कायम व्हायची आहे, सगळं या अहवालावर आहे.

रागाव, पण तोडू नकोस.
धाकटा

ता. ५ ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वीज आली. त्याच आठवड्यात दोन्ही यंत्रं विकली.

फोटोग्राफर आला होता. बिचारा दिवे घेऊन तीन जिने चढला. काम करणाऱ्या बायका कुठे आहेत म्हणून विचारू लागला. मी खोली दाखवली. त्यालाही त्याचं काम करायचं होतं, म्हणून दारात उभी राहिले. त्याने हसायला सांगितलं, ते जमलं नाही. फोटो वापर. खाली काय लिहायचं ते तू बघ.

प्रामाणिकपणाचं लिहिलंस, त्यावर बरेच दिवस विचार केला. ‘ताई, तू माझी बहीण आहेस, मला हे करता येणार नाही,’ असं एप्रिलात कळवलं असतंस तर मला तुझा अभिमान वाटला असता. तू बाहेरच्यांच्या हसण्याला भ्यालास आणि त्याला चांगलं नाव दिलंस.

सोमवारपासून डेअरीच्या गोदामात लागले. काम बरं आहे. मावशीला अजून कुठे मिळालं नाही. तिच्या बोटांना दुसरं काही येत नाही.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. कारखाना का बंद केलास म्हणाली, तर माझे डोळे थकले असं सांगितलं. परवा माझ्यावरच चिडली. म्हणाली, ‘एवढा मोठा साहेब भाऊ आहे तुझा. एक शब्द टाकला असतास, तर धावत आला असता.’ मी तिच्या गुडघ्याला तेल चोळत राहिले.

तिला दर महिन्याला पत्र पाठवत जा. पाकिटावर तिचंच नाव घाल, मला वेगळं लिहू नकोस. तिला आता अक्षर दिसत नाही. मी वाचून दाखवीन.

ताई