मागचा गळा खोल

प्रिय अण्णा,

काल तू फोनवर म्हणालास, "माझ्या लेकीच्या लग्नाला आत्यानं यायलाच हवं. पण कुणी विचारलं तर जिन्यावरून पडले म्हण. मुलाकडच्यांसमोर टीबीचं नाव नको." मी 'बरं' म्हटलं. ते 'बरं' आता परत घेते.

मी कुठल्याच जिन्यावरून पडले नाही. क्षयानं माझा मणका पोखरला, पाय लुळे पडायला लागले, म्हणून डॉक्टरांनी पाठ उघडून पू काढला, सळ्या आणि स्क्रू बसवले. औषधंही पुरी झाली. माझ्यापासून आता कुणाला धोका नाही, हे त्यांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना?

लहानपणी अळणावरला लाकडांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी बघायला तू मला पाठुंगळी घेऊन स्टेशनवर न्यायचास. लोक हसायचे, तरी खाली उतरवायचा नाहीस. तो अण्णा कुठे गेला रे?

आज इरकलीवरचं पोलकं शिवायला टाकलं. माप घेताना शिंपीण हळूच म्हणाली, "अक्का, मागचा गळा उंच घेते. वण झाकेल."

"नको गं. जमेल तितका खोल घे."

"अय्यो, नवरीपेक्षा तुमचीच फॅशन होणार!"

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ताठ बसायला सांगून थकल्या होत्या. सळ्यांमुळे आता बसते.

हे पत्र पेटीत टाकत नाही, नाहीतर तू मला येऊच नको म्हणशील. मी येतेय. मांडवात अगदी पहिल्या रांगेत बसेन, म्हणजे मागच्या सगळ्यांना नीट दिसेल.

तुझ्या पाठची,
हेमावती