तपासणीला न आलेली माणसं

प्रिय शिट्टी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते आहे. सात वर्षं झाली. इथपर्यंत वाचलंस, तर थोडं पुढेही वाच. पेशंटांनी तुला दिलेलं हे नाव वापरायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं, तर हातून अर्जच लिहिला जायला लागला.

आपली व्यायामाची खोली अजून तशीच आहे. तुझ्या जागी आलेल्या बाई शिट्टी वाजवत नाहीत, मोबाइलवर गाणी लावतात. त्यावर जुने पेशंट कुरकुरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या तीस मीटरच्या सरळ कॉरिडॉरमध्ये अंतर मोजायला तू चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या मात्र निघता निघत नाहीत. काय हौसेने सुरुवात केली होती आपण! श्वासाचा जुना आजार असलेली एकशे वीस माणसं. तू बारा आठवडे त्यांचा व्यायाम घ्यायचीस आणि सहा मिनिटांत ती किती मीटर चालतात ते मी मोजायची. आधी, नंतर आणि वर्षाने पुन्हा. कुणी पाच पावलं जास्त चालला की तू असा चेहरा करायचीस, जणू काही डोंगरच चढून आला.

सुतारकाका आठवतात ना? चाळीस वर्षं लाकडाचा भुसा आणि विडी. थांबून धाप टाकावी लागली, की कॉरिडॉरमधल्या दाराची चौकट निरखल्याचा आव आणायचे आणि म्हणायचे, "ही चौकट कुणी बसवली हो? वाकडी आहे." वर्षाच्या तपासणीला ते आले नाहीत. मी फोन केला, तर दोन वाक्यांच्या मध्ये बराच वेळ श्वास घेत म्हणाले, "बाई, ती चालायची परीक्षा घरी येऊन घ्या ना. मी जिन्यातच नापास होतोय." मी हसले आणि ते नियमात बसत नाही असं सांगितलं. फॉर्मवर लिहिलं, 'सहभाग स्वेच्छेने थांबवला.'

तो फॉर्म तू पाहिलास. "स्वेच्छेने?" एवढंच विचारलंस. नंतर म्हणालीस, की जे येत नाहीत ते कंटाळून नाही, न झेपल्यामुळे येत नाहीत, आणि त्यांना सोडून सरासरी काढली तर ती धडधाकट माणसांची सरासरी होईल. मी तुला ऐकवलं, "संशोधन माझं क्षेत्र आहे, तू व्यायामाचं बघ." हे वाक्य मी विसरले आहे असं तुला वाटू नये, म्हणून जसंच्या तसं लिहिते आहे.

तू रजा टाकून अकरा जणांच्या घरी गेलीस आणि सगळं एका कागदावर लिहून आणलंस. घरात सरळ तीस मीटर कुठून मिळणार, म्हणून मोजमाप चालणार नाही, असं मी म्हणाले. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. लेख छापून आला. एक्याऐंशी माणसं, छान निकाल. आभाराच्या यादीतही तुझं नाव घातलं नाही मी. माझं कौतुक झालं, बढती मिळाली. तू गेल्यानंतरचं तुला माहीत नसेल: त्या निकालाच्या जोरावर घरोघर जाणाऱ्या नर्सना व्यायामाच्या वर्गाच्या कामाला लावलं आणि घरभेटी बंद झाल्या. बैठकीत मीच आकडे दाखवले होते.

या वर्षी सुरुवातीला सुतारकाकांची सून ऑक्सिजनचं मशीन परत द्यायला आली. काका गेले होते. ती रागावलेली नव्हती, तेच जड गेलं. म्हणाली, "बाबा पुष्कळ दिवस दर मंगळवारी तुमच्याकडे यायला कपडे करून निघायचे. आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरून पायरीवर बसायचे आणि परत वर यायचे. नर्सबाई यायच्या तोवर बरं होतं. मग त्याही यायच्या थांबल्या." तिने मशीनची वायर नीट गुंडाळून दिली आणि गेली.

त्यानंतर चार महिने मी तपासणीला न आलेल्या त्या एकोणचाळीस जणांना शोधत होते. पस्तीस सापडले. सोळा वारले आहेत, बारा जण घराबाहेर पडत नाहीत, सात बरे आहेत. वर्गाचा फायदा खोटा नाही, पण तो आजार बेताचा असलेल्यांना झाला. ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्यासाठी आपण, नाही, मी, काहीच सिद्ध केलं नव्हतं. लेख दुरुस्त करायचं पत्र मी मासिकाला पाठवलं आहे, आणि चूक कशी झाली ते त्यांनी विचारलं आहे. विभागप्रमुख वैतागले, "जुनी मढी कशाला उकरता?" त्यांच्या सांगण्याप्रमाणे कारण द्यायचं ते असं, की ही माहिती तेव्हा उपलब्ध नव्हती. तसं लिहिलं, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

पण ती उपलब्ध होती, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तू जाताना मला विचारलं होतंस, कागद निदान वाचला तरी का? मी म्हटलं होतं, वेळ मिळाला नाही. खोटं बोलले मी. तू दिलास त्याच संध्याकाळी दार लावून दोनदा वाचला होता. सुतारकाकांच्या नावापुढे तू लिहिलं होतंस, 'बाईंना सांगा म्हणाले, मी सोडलेलं नाही.' ते वाचून मी तो कागद खणात टाकला आणि कुलूप लावलं. मासिकाला मी हे सगळं कळवणार आहे, तुझ्या नावासकट, तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस, तर नाव गाळून कळवेन, पण कळवेन. कागदाची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद तुझा आहे. तो घ्यायला तू ये, किंवा मला ये म्हण.

तुझीच,
जिला तू रागात 'हेडमास्तरीण' म्हणायचीस ती