सहापैकी दोन नळ्या

चिरंजीव विसरभोळ्या ठमीस, जी सुट्टी संपवून जाताना चष्मा, छत्री आणि आजीचा निरोप घ्यायचा, तिन्ही विसरली, आजीचे पुष्कळ आशीर्वाद. परीक्षेपायी फोन बंद ठेवलायस, म्हणून हे पत्र. लिहून घेताहेत खालच्या नर्सबाई, उद्या त्यांचा भाऊ हातोहात आणून देईल. (त्यांचं अक्षर वाईट आहे म्हणे. मला काय, मला सगळीच अक्षरं सारखी.) तुझी तब्येत कशी आहे? माझे गुडघे तुझ्याच वळणाचे, हाक मारली की हलत नाहीत.

तुझं पत्र बाईंनी वाचून दाखवलं. तेलात पाण्याचे बारीक थेंब, प्रत्येक जण साबणाची शाल पांघरून वेगळा बसलेला, म्हणून वीज पलीकडे जात नाही. ऊब वाढली की थेंब एकमेकांना भिडतात आणि वीज एकदम सुसाट. यात न कळण्यासारखं काय आहे? पाहुण्यांनी भरलेली खोली अशीच असते. तुझी मावशी आली की या कोपऱ्यातली बातमी दोन मिनिटांत त्या कोपऱ्यात. तुझा मामा आला की चहा गार होईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. (माझाच मुलगा, पण खरं ते खरं.) तू थेंबांत घालतेस ते औषध मावशीच्या स्वभावाचं की मामाच्या, एवढं शोधायला तीन वर्षं आणि वर सरांची बोलणी!

औषध घातल्यावर चार नळ्यांत वीज नेहमीपेक्षा उशिरा धावली, दोनांत लवकर. म्हणून तू औषधाला मामा ठरवलंस, आणि त्या दोन बिघडलेल्या नळ्यांचं शुक्रवारी परीक्षकांपुढे नावही काढणार नाहीस. हुशार आहेस हो.

तुझी आजी (अंगठा बाजूला उठवलाय, पुसट असेल)

ता. क. प्रयोगशाळेचा नळ बंद म्हणून तू सुट्टीत नळ्या इथे आणून धुतल्यास ना? तू दुपारी झोपल्यावर मी पुन्हा धुतल्या. तेलाचा वास जाईना, म्हणून मिठाच्या पाण्यात खळखळून उन्हात वाळवल्या. ओरडशील म्हणून बोलले नाही. मीठ चारच नळ्यांना पुरलं. तेव्हा मामा निघाला तो मीठ, तुझं औषध मावशीच. दोनच नळ्या खऱ्या आहेत, त्या टाकू नकोस गं! सरांना सगळं सांग, माझं नाव घे. या वयात मला कोण वर्गाबाहेर उभं करणार?

ता. क. दुसरा. हे मामाच्या कानावर जाता कामा नये, म्हणजे नर्सबाईंचं तोंड बंद हवं. त्यांना लोण्याच्या मऊ बिस्किटांचा डबा पाठव. दोन पाठव, तोंड मलाही आहे.