मामाचं सोवळं रक्त

चिक्कडपल्ली, हैदराबाद
८ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप इंदुताईस,
हणमंताचा शि. सा. न. वि. वि.

देशाची दारं परदेशी मालाला सताड उघडली, पण माझ्या दंडावरची चिकटपट्टी केसांची वसुली केल्याशिवाय निघेना. हा जुलूम तुझ्या लेकीचा. दारू असली की रक्तातली प्रथिनं औषध सावकाश मोडतात, असं मेधाला प्रबंधात सिद्ध करायचंय. त्यासाठी एक पिणारा हवा होता, एक न पिणारा. आमच्या ऑफिसातले नामदेवराव दोन पेग मारून आनंदाने रक्त देऊन आले. न पिणारा मी.

निकाल असा, की परीक्षानळीत घातलेलं औषध दोघांच्याही रक्तात सारखंच रेंगाळलं! मेधाच्या सरांनी विचारलं, मामा नक्की पीत नाहीत ना? आता एक तर पोरीचा प्रबंध खोटा, नाही तर मी छुपा बेवडा. ऑफिसात जो तो मला झुकून आदाब करतोय.

मनातून उतरवू नकोस.
तुझा हणमंत

परभणी
१६ ऑगस्ट १९९४

चि. हणमंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

मेधाची चार वर्षं तुझ्या बाटलीत बुडायला नकोत. घेत असशील तर कबूल कर. मी ओरडणार नाही, नुसती तिकडे येईन. मेधा मात्र फोनवर म्हणाली, की मामाला पानातला चुना लपवता येत नाही, दारू काय लपवणार! पोर भोळी आहे.

जेवत जा. राग धरू नये.
तुझी ताई

हैदराबाद
२ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप ताईस शि. सा. न.

पेढे वाट! मामा खरं बोलतोय, तर दारू आली कुठून, म्हणून तुझी भोळी पोर हात धुऊन मागे लागली. सापडली ती तिच्याच टेबलावर. ते औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळेच ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवतात. म्हणजे मी कोरडाच होतो, माझ्या रक्ताला मात्र परीक्षानळीत पाजली होती!

मेधाने विरघळवायला दुसरा द्रव घेतला. माझ्या रक्ताने औषधाचा असा फडशा पाडला म्हणतेस! नामदेवरावांचं आपलं हल्लू हल्लू चाललंच होतं. सर म्हणाले, थेंबभर अल्कोहोलनेही प्रथिनं सुस्तावतात हे तुझ्या चुकीनेच दाखवलं, त्यावर वेगळं प्रकरण लिही. ते झालं की तोंडी परीक्षा तेवढी उरली. घरात आता डॉक्टर होणार आणि मी प्रयोगशाळेने प्रमाणित केलेला सज्जन आहे. तुला यायचंच असेल, तर सत्काराला ये.

आहे तेवढी माया राहू दे, वाढली तर तक्रार नाही.
तुझा हणमंत

ता. क. मी बदनाम होतो तेव्हा कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी एकटे नामदेवराव भांडत होते, म्हणे पिणारा पिणाऱ्याला ओळखतो, हा आपल्यातला नव्हे. वास येतो म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांच्यापासून लांब बसत आलो. आज डबा घेऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि भरली वांगी त्यांच्या झाकणात वाढली.