सात चुलींची यजमानीण

८ डिसेंबर, रविवार
आले एकदाची! कुंभार पिंपळगावच्या फाट्यावर उतरताना कंडक्टर पोरगा हात द्यायला पुढं झाला. मी घेतला नाही. अंबडच्या डेपोत सत्तावीस वर्षं तिकिटं फाडलेल्या बाईला एसटीतून उतरायला हात कशाला?

परमेश्वर मोटरसायकल घेऊन आला होता. गावापासून तीन किलोमीटरवर पाझर तलाव आहे, त्याच्या काठाला ह्याची पडीक जमीन. तिथं त्यानं तंबूंसाठी सात जागा आखल्या आहेत. शहरातली माणसं सुट्टीत राहायला येतात. त्यांना जागा दाखवायची, पाणी कुठं, संडास कुठं, साप निघाला तर काय करायचं हे सांगायचं, एवढी माझी सेवा. पगार नाही, पत्र्याची खोली आणि दोन वेळचं जेवण. लेक मीना पुण्याहून फोनवर म्हणाली, या वयात फुकट राबायची हौस कसली. तिच्या सोफ्याच्या कोपऱ्यात बसून सुकण्यापेक्षा फुकट राबलेलं बरं. हे तिला बोलले नाही, वहीला सांगते.

१० डिसेंबर, मंगळवार
सकाळी तलावाला पायी वळसा घातला. दीड तास लागला, गुडघ्यानं कुरकुर केली, मी ऐकलं नाही. पाण्यात चक्रवाकाची जोडी होती. पलीकडं तूर पिवळी पडली आहे आणि त्यामागं मोसंबीच्या बागा.

येणारे लोक वाटेल तिथं जाळ करतात, सगळा माळ काळा करून ठेवला आहे. म्हणून दिवसभर दगड वाहिले आणि सातही जागांवर तीन-तीन दगडांच्या पक्क्या चुली मांडल्या. वर चुन्यानं आकडे घातले. सात नंबर पाण्याकडे, एक नंबर माझ्या दारात. परमेश्वर खूश झाला. एकवीस तारखेला जालन्याहून शाळेच्या चाळीस मुली येणार आहेत. ते जमलं तर ही जागा चालू राहील, नाहीतर जानेवारीत तो इथं मोसंबी लावणार. म्हणजे माझा मुक्कामही त्या मुलींवरच.

१३ डिसेंबर, शुक्रवार
झुंबरबाई भेटल्या. मेंढपाळाच्या घरातल्या, दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन इकडून जातात. सत्तरीच्या असतील. माझ्या चुली बघून थबकल्या. त्यांची माणसं तळ हलवताना चुलीचे दगड उलथून तीन दिशांना फेकतात, उभी चूल मागं ठेवत नाहीत.
"रिकामी चूल उभी ठेवू न्हाई बाई," म्हणाल्या. "कोणीबी येऊन बसतंय."
मी म्हटलं, माझ्या गाडीत फुकट कोणी बसलेलं नाही आजवर. त्या हसल्या नाहीत. मेंढरं लांबच्या वाटेनं घेऊन गेल्या.

१५ डिसेंबर, रविवार
काल तीन नंबरला एक जोडपं मुक्कामी होतं. सकाळी बघते तर सात नंबरच्या चुलीत राख गरम. जोडपं म्हणालं, आम्ही तिकडं फिरकलोही नाही. चुलीपुढचं गवत दबलेलं होतं, एक माणूस उकिडवं बसेल एवढं. कोणीतरी गुराखी असेल. विचारून बसायची पद्धत असते की नाही?

१६ डिसेंबर, सोमवार
आज सहा नंबर. राख गरम, गवत दबलेलं. इथं माझ्याशिवाय कोणी नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
पाच नंबर. आकडा कळतो मला. एकेक थांबा घेत हे माझ्या दाराकडे येतंय. एकवीसला एक नंबर.
येऊ दे.

१८ डिसेंबर, बुधवार
चार. परमेश्वरला सांगितलं. त्यानं चुलीकडं पाहिलं आणि मोटरसायकल बंदच केली नाही. म्हणाला, मुलींना नको म्हणून कळवतो, तुम्ही चला गावात. मी म्हटलं, नको म्हणालास तर संपलं सगळं. मी हलणार नाही. माझ्या हातानं मांडलेल्या चुली आहेत.

१९ डिसेंबर, गुरुवार
तीन. भर दुपारी पहार घेऊन मोडायला निघाले. सात, सहा, पाच, चार सहज उलथल्या. तीन नंबरच्या दगडाला हात लावला आणि तळवा भाजला. दगड हलेना. दोनचा आणि एकचाही हलेना. पहार वाकली.

मग समोर, टळटळीत उन्हात, भाकरी थापल्याचा आवाज. थप, थप. परात नाही, पीठ नाही, माणूस नाही.
भ्याले. लिहूनच टाकते. भ्याले.

२० डिसेंबर, शुक्रवार
दोन. गवत आता माझ्या खोलीकडे तोंड करून दबलंय. टाचा तिकडं, चवडे इकडं.

झुंबरबाईंचा तळ शोधत पाच किलोमीटर चालले. सगळं सांगितलं. त्यांनी माझा भाजलेला हात हातात घेतला.
"बसलेलं असंच उठत न्हाई. दुसऱ्या कोणी त्याची जागा घेतली, तरच उठतंय. पोरीबाळी येऊ देऊ नका बाई. तुमीबी जावा."
जाऊ? कुठं, सोफ्यावर?
जागा घ्यायची ना? मी घेते. ते उठलं की मी उठते. सत्तावीस वर्षं उठबसच केली आहे.

२१ डिसेंबर, शनिवार
एक नंबर. दाराच्या फटीतून धूर आत येतोय. थप, थप —

बस चारला येणार. आता तीन वाजलेत. चाळीस लेकरं उतरायच्या आत हे उठलं पाहिजे.
वही घेऊन बाहेर जाते. भिऊन नाही, सांगून जाते.

बसले. समोर नाही, त्याच्याच जागी. गवत उबदार.
आवाज थांबला.
शेजारचं गवत दबत गेलं, पावलापावलानं, पाण्याकडे. गेलं! उठवलं मी. मीना, ऐकतेस का, तुझ्या आईनं —

बसचा हॉर्न. आल्या. उठते आता.

उठते म्हणजे —

पाय हलत नाहीत. चूल पेटली आहे. मी नाही पेटवली. हाताला पीठ —
नाही. मी यजमानीण आहे इथली. साधना. नाव लिहून ठेवते. साधना, साधना —

हाक मारली. कोणी वळलं नाही. मोठ्यानं मारली.

दोन वेण्यांची एक धाकटी थेट माझ्यासमोर आली. म्हटलं, ये बाळ, मी इथंच आहे. ती मागं वळून बाईंना विचारतेय, इथं तर कोणीच नाही, मग ही चूल कोणी पेट—